गॅस संपत नसतो: जुन्या गाडीच्या एसीविषयी वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आम्ही जुन्या गाड्यांच्या एसीविषयीची पत्रे निवडली आहेत. जागेअभावी ती संक्षिप्त केली आहेत. गाड्यांची आणि दुरुस्तीकेंद्रांची नावे गाळली आहेत, कारण उत्तर देण्यासाठी त्यांची गरज पडत नाही.

प्रश्न: स. न. वि. वि. माझी गाडी चौदा वर्षांची आहे. गेली तीन वर्षे उन्हाळ्याच्या तोंडाशी मी एसीचा गॅस भरून घेतो, दोन-अडीच महिने उत्तम गारवा मिळतो आणि मग हवा हळूहळू कोमट होऊ लागते. 'गाडी जुनी झाली की गॅस उडतोच,' असे मेकॅनिक सांगतात. यंदा मात्र त्यांनी कॉम्प्रेसरच बदलावा लागेल असे सांगितले आहे. हा सल्ला योग्य आहे का?

उत्तर: गॅस 'उडतो' हे म्हणणे तेवढे सोडून द्यावे. पेट्रोल जळून संपते, पण एसीतला गॅस कशातच खर्च होत नाही. तो एका बंद नळीमार्गात फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो, पुढे रेडिएटरसमोरच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रवरूप होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या अरुंद छिद्रातून जाताना त्याचा दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळताना तो आतल्या हवेची उष्णता शोषून घेतो. तोच गॅस पुन्हा कॉम्प्रेसरकडे येतो. रबरी होजमधून वर्षागणिक अगदी थोडा गॅस झिरपतो हे खरे, परंतु एवढ्या झिरपण्याने गारवा कमी झाल्याचे जाणवायला कित्येक वर्षे लागतात. दोन-अडीच महिन्यांत गारवा जात असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता तीन वेळा गॅस भरला गेला आहे.

गळतीच्या नेहमीच्या जागा ठरलेल्या असतात. कॉम्प्रेसरच्या पुढच्या बाजूचे शाफ्ट सील, दगड लागून किंवा गंजून छिद्र पडलेला कंडेन्सर, नळ्यांच्या जोडावरच्या कडक झालेल्या ओ-रिंगा (रबरी कड्या), गॅस भरण्याच्या पोर्टमधील छोटे व्हॉल्व्ह आणि हाताला सहज न लागणारी कूलिंग कॉइल, या त्या जागा होत. गॅसबरोबर थोडे तेलही फिरत असल्यामुळे जिथून गॅस निसटतो तिथे बहुधा तेलाचा ओलसर डाग राहतो आणि त्यावर धूळ चिकटून काळपट थर बसतो. बॉनेट उघडून, इंजिन बंद आणि थंड असताना, टॉर्चच्या उजेडात एकेक जोड पाहावा. आजूबाजूची नळी कोरडी आणि एका नटाभोवतीच चिकट काळे कडे, असे दिसले तर साबणाचे दाट पाणी लावून फुगे येतात का ते बघावे. पोर्टवरची प्लॅस्टिकची टोपणे हरवलेली असतील तर तीही बसवून घ्यावीत. आतला छोटा व्हॉल्व्ह थोडा निसटता असला तरी रबरी चकती असलेले टोपण गॅस रोखून धरते, आणि हीच वस्तू सर्वांत आधी हरवते.

डोळ्यांना काही दिसले नाही तर तीन मार्ग उरतात. पहिला म्हणजे अतिनील प्रकाशात चमकणारा रंग, म्हणजे डाय, तेलात घालून काही दिवस गाडी चालवणे आणि मग त्या दिव्याखाली पाहणे. दुसरा म्हणजे इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर. गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे डिटेक्टरचे टोक जोडाच्या खालच्या बाजूने फिरवावे लागते, आणि कूलिंग कॉइलसाठी ते पाणी निघण्याच्या नळीच्या तोंडाशी धरतात. तिसरा मार्ग माझ्या मते सर्वांत भरवशाचा आहे: यंत्रणा रिकामी करून त्यात रेग्युलेटर लावून सुमारे 150 पीएसआय दाबाने कोरडा नायट्रोजन भरायचा आणि तासा-दोन तासांनी दाबमापकाचा काटा हलला का ते पाहायचे. त्याऐवजी ऑक्सिजन कधीही वापरू नये, कारण दाबाखालील ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होऊ शकतो. टायरमध्ये भरायची साधी हवाही चालत नाही, कारण तिच्याबरोबर बाष्प आत जाते.

बहुतेक ठिकाणी केवळ व्हॅक्यूम ओढून 'अर्धा तास धरला, म्हणजे गळती नाही' असा निर्वाळा दिला जातो. ही चाचणी अपुरी आहे. व्हॅक्यूममध्ये बाहेरून आत येणारा दाब फार तर एका वातावरणाएवढा असतो, तर एसी चालू असताना हाय साइडला, म्हणजे कॉम्प्रेसरपासून एक्स्पान्शन व्हॉल्व्हपर्यंतच्या जास्त दाबाच्या भागात, आतून बाहेर ढकलणारा दाब त्याच्या पंधरा पट असू शकतो. शिवाय काही सैल ओ-रिंगा व्हॅक्यूममध्ये आत ओढल्या जाऊन घट्ट बसतात आणि दाब आला की पुन्हा गळू लागतात. व्हॅक्यूमचे खरे काम ओलावा काढण्याचे आहे. दाब पुरेसा उतरला की नळीतले पाणी साध्या हवामानातच उकळून वाफेच्या रूपाने बाहेर पडते आणि म्हणूनच पंप निदान अर्धा-पाऊण तास चालू ठेवायचा असतो.

आणखी एक घोटाळा गेजच्या, म्हणजे दाबमापकाच्या, वाचनात होतो. एसी बंद असताना दोन्ही गेज सारखे दिसतात, आणि तो आकडा पाहून 'गॅस भरपूर आहे' असे सांगितले जाते. प्रत्यक्षात बंद यंत्रणेतला दाब तापमानावरून ठरतो. आर-134ए हा अनेक गाड्यांच्या एसीत असणारा गॅस असेल आणि सगळे भाग 30 अंशांवर असतील तर आत थोडासा द्रव शिल्लक असेपर्यंत काटा 97 पीएसआयच्या आसपासच राहील, मग आत 500 ग्रॅम गॅस असो की 250. म्हणून या आकड्यावरून गॅस पूर्ण निघून गेला आहे की नाही एवढेच कळते, किती आहे ते कळत नाही. योग्य प्रमाण साधण्याचा एकच मार्ग आहे. उरलेला गॅस यंत्राने काढून घ्यायचा, व्हॅक्यूम करायचा आणि बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाएवढा गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. जुन्या पद्धतीत ओलावा शोषणाऱ्या ड्रायरवरच्या काचेतले बुडबुडे बघून गॅस भरत असत. आर-134एच्या बाबतीत ती काच फसवते, आणि बुडबुडे नाहीसे होईपर्यंत भरत गेल्यास गॅस प्रमाणाबाहेर जातो.

आता कॉम्प्रेसर. तो बदलायचा की नाही हे गाडीच्या वयावरून ठरत नाही, दोन्ही काट्यांच्या आकड्यांवरून ठरते. गॅस योग्य वजनाने भरलेला असताना लो साइडचा, म्हणजे कूलिंग कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या कमी दाबाच्या भागाचा, दाब वर आणि हाय साइडचा खाली, म्हणजे दोन्ही काटे एकमेकांकडे सरकलेले दिसले आणि इंजिनचा वेग वाढवूनही त्यांच्यातले अंतर वाढेना, तर कॉम्प्रेसरची दाब तयार करण्याची ताकद गेली आहे असे म्हणता येते. दोन्ही काटे खाली असतील तर तो गॅस कमी असल्याचा पुरावा आहे. आपल्या पत्रात गेजचे आकडेच नाहीत, त्यामुळे ते कुणी पाहिले असावेत असे वाटत नाही. गॅस भरल्यावर दोन-अडीच महिने उत्तम गारवा देणारा कॉम्प्रेसर दाब तयार करतो आहे हे उघड आहे. त्याच्या शाफ्ट सीलमधूनच गळती आहे असे डायने दाखवले आणि त्या मॉडेलचे सील स्वतंत्र मिळत नसले, तर बदलण्याला अर्थ आहे. अन्यथा नवा कॉम्प्रेसर बसवूनही पुढच्या उन्हाळ्यात आपल्याला हेच पत्र पुन्हा लिहावे लागेल.

तीन वेळा गॅस गेला त्याबरोबर थोडे तेलही गेले असणार, आणि कॉम्प्रेसरला वंगण त्याच तेलाचे मिळते. गळती दुरुस्त करताना तेलाचे प्रमाण सावरून घ्यायला जरूर सांगावे. आणि बाजारात मिळणारे 'गळती बंद करणारे' द्रव आत घालू देऊ नयेत. ते बाष्पाशी किंवा हवेशी संबंध आला की घट्ट होतात, व्हॉल्व्हचे छिद्र बुजवू शकतात, आणि तशा गाडीला आपले गॅस काढण्याचे यंत्र जोडायला जाणकार कारागीर नकार देतात.

प्रश्न: गाडी रस्त्यावर धावत असते तोवर एसी छान चालतो. सिग्नलला किंवा वाहनांच्या रांगेत थांबलो की पाच मिनिटांत हवा गरम येऊ लागते, आणि गाडी निघाली की पुन्हा गार. गॅस नुकताच तपासला आहे. हा इंजिनचा दोष समजावा का?

उत्तर: इंजिनचा नाही, वाऱ्याचा. गाडी धावताना समोरची हवा कंडेन्सरमधून आपोआप जाते, थांबल्यावर ते काम पंख्याला करावे लागते. तेव्हा प्रथम पंखा बघावा. एसी चालू करून बॉनेट उघडल्यावर पंखा लगेच किंवा थोड्याच वेळात फिरायला हवा, आणि दोन पंखे असतील तर कोणता थांबला आहे तेही पाहावे. न फिरणाऱ्या पंख्याचा फ्यूज, रिले आणि जोडणी आधी तपासावी. मोटारीला थेट 12 व्होल्ट देऊन ती फिरते का ते पाहिले की अर्धे निदान झाले. पण पंखा फिरतो एवढ्यावर समाधान मानू नये. ब्रश झिजलेली मोटार फिरताना दिसते, पण हवा ओढत नाही. एक साधा कागद कंडेन्सरच्या पुढच्या जाळीपाशी धरावा. तो चिकटून राहिला तर हवा ओढली जात आहे, गळून पडला तर नाही. बोटे आणि सैल कपडे मात्र पंख्यापासून दूर ठेवावेत, कारण तो कोणत्याही क्षणी सुरू होतो.

पंखा ठीक असेल तर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत टॉर्च मारून पाहावे. समोरून स्वच्छ दिसणाऱ्या कंडेन्सरच्या मागे चौदा-पंधरा वर्षांचा कापूस, किडे आणि वाळलेली पाने यांची गोधडी मी अनेकदा पाहिली आहे. ती काढायला वरचे क्लिप सोडवून दोन्हींत फट करावी लागते, आणि पाणी मागून पुढे, हलक्या धारेने मारावे लागते. जोरदार फवाऱ्याने पातळ पत्र्या आडव्या होतात, मग उरलीसुरली हवाही जात नाही.

खात्री करण्याची युक्ती सोपी आहे. गाडी उभी, एसी चालू, आत मधल्या जाळीत थर्मामीटर. हवा गरम होऊ लागली की कंडेन्सरवर झारीने पाणी शिंपडावे, विजेच्या जोडण्या टाळून. एखाद-दोन मिनिटांत तापमान झपाट्याने उतरले तर कंडेन्सरला उष्णता टाकता येत नव्हती हे सिद्ध झाले. मात्र गॅस जास्त भरला गेला असेल तरी याच चाचणीत हाच फरक दिसतो, कारण जादा द्रव कंडेन्सरची जागा अडवून बसतो. 'नुकताच तपासला' म्हणजे वजनाने भरला, की अंदाजाने 'थोडा टॉप-अप केला', हे विचारून घ्यावे. अंदाजाने भरला असेल आणि हाय साइडचा काटा फार वर जात असेल, तर गॅस काढून वजनाने पुन्हा भरणे हाच उपाय आहे.

प्रश्न: लांबच्या प्रवासात एसी पाऊण तास उत्तम चालतो आणि नंतर बंद पडल्यासारखा होतो. चहाला थांबून पुन्हा निघालो की पूर्ववत सुरू. केंद्रात नेली की गाडी शहाण्यासारखी वागते, त्यामुळे मेकॅनिकला दोष दिसतच नाही. काय करावे?

उत्तर: 'बंद पडल्यासारखा' या शब्दांत तीन वेगवेगळे दोष लपलेले असू शकतात, आणि ते ओळखण्यासाठी मेकॅनिकपेक्षा प्रवासात शेजारी बसलेली व्यक्ती अधिक उपयोगी पडते. पुढच्या वेळी तिला दोन गोष्टी टिपायला सांगा: त्या क्षणी जाळीतून येणाऱ्या हवेचा जोर कमी झाला की तेवढाच राहिला, आणि गारवा किती मिनिटांनी परत आला.

हवेचा जोरच ओसरला असेल, ब्लोअरचा आवाज येतो पण वारा येत नाही अशी स्थिती असेल, तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरला आहे. हवेतले बाष्प कॉइलवर पाणी होऊन बसते, कॉइल शून्याखाली गेली की त्याचा बर्फ होतो आणि पत्र्यांमधल्या फटी बुजतात. आपण थांबता तेव्हा तो वितळतो, गाडीखाली नेहमीपेक्षा मोठे थारोळे दिसते आणि एसी 'बरा' होतो. हे टाळण्यासाठी कॉइलला एक थर्मोस्टॅट किंवा सेन्सर लावलेला असतो, आणि कॉइल गोठणबिंदूजवळ आली की तो कॉम्प्रेसर थांबवतो. हा सेन्सर बिघडला असेल किंवा पूर्वीच्या दुरुस्तीत जागेवरून सरकला असेल तर बर्फ होतो. केबिन फिल्टर तुंबल्यामुळे कॉइलवरून पुरेशी हवा जात नसली, किंवा गॅस थोडा कमी असला, तरीही बर्फ धरू शकतो. म्हणून सुरुवात फिल्टरपासून करावी. त्याला हत्यारही लागत नाही. प्रवासात तात्पुरता उपाय म्हणजे एसीचे बटण बंद करून ब्लोअर दहा मिनिटे पूर्ण वेगाने चालू ठेवणे. वारा परत आला की निदानही पक्के होते.

हवेचा जोर तेवढाच राहून ती गरम झाली असेल, तर कॉम्प्रेसरचा क्लच सुटत असण्याची शक्यता मोठी आहे. 1940च्या सुमारास अमेरिकेत पॅकार्ड गाड्यांमध्ये एसी कारखान्यातूनच बसवून येऊ लागला तेव्हा क्लच नव्हताच. एसी नको असेल तर इंजिन थांबवून बेल्ट काढावा लागे. आज हे काम एक विद्युतचुंबक करतो. बेल्टने पुली सतत फिरत असते. चुंबकात वीज गेली की पुढची पोलादी चकती पुलीला चिकटते आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. या दोन पृष्ठभागांतली फट नवेपणी साधारण 0.3 ते 0.6 मिलिमीटर असते. वर्षानुवर्षे घासून ती वाढते. थंड इंजिनवर चुंबक तेवढे अंतर ओढून घेतो. पण तासाभरात बॉनेटखालची उष्णता वाढते, तापलेल्या तांब्याच्या तारेचा विद्युतरोध 80 अंशांच्या वाढीला सुमारे 30 टक्क्यांनी वाढतो, प्रवाह त्या मानाने घटतो आणि चकती ओढण्याइतके बळ उरत नाही. गाडी थांबली, निवली, की क्लच पुन्हा लागतो. केंद्रात पोहोचेपर्यंत ती निवलेली असते, म्हणूनच ती 'शहाण्यासारखी' वागते.

याचे निदान दोष दिसत असतानाच करावे लागते. रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबून, इंजिन आणि एसी चालू ठेवून, पुलीची मधली चकती फिरते आहे का हे दुरूनच पाहावे. ती स्थिर असेल आणि क्लचच्या जोडणीवर मल्टिमीटर 12 व्होल्टच्या वर दाखवत असेल तर दोष फटीत किंवा कॉइलमध्ये आहे. व्होल्टेज 10-11वर घसरले असेल तर जळके रिले, खराब अर्थिंग किंवा गंजलेली जोडणी शोधावी. फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) चकतीभोवती तीन-चार ठिकाणी मोजतात. बऱ्याच कॉम्प्रेसरमध्ये चकतीमागे पातळ शिम (धातूच्या कड्या) असतात. मधला बोल्ट काढून त्यातला एक शिम कमी केला की फट पुन्हा मापात येते. अर्ध्या-पाऊण तासाचे हे काम आहे, आणि याच्या ऐवजी पूर्ण कॉम्प्रेसर बदलल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. नव्या कॉम्प्रेसरबरोबर नवा क्लच येतो, त्यामुळे दोष जातो खरा, पण डास मारायला तोफ वापरल्यासारखे होते.

तिसरी शक्यता अशी की हवा गरम होते आणि थांबण्याची गरज न पडता, एसी काही मिनिटे बंद ठेवल्यावर परत गार होते. असे असेल तर आत ओलावा असू शकतो. त्याचा कण एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठून मार्ग अडवतो, त्या वेळी लो साइडचा काटा शून्याच्या खाली व्हॅक्यूमकडे झुकतो, आणि कण वितळला की सर्व सुरळीत होते. ड्रायर बदलून दीर्घ व्हॅक्यूम करणे हाच त्यावर उपाय.

प्रश्न: चालकाशेजारच्या सीटखालचा गालिचा ओला होतो. पाऊस नसतानाही.

उत्तर: कूलिंग कॉइलवरचे पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली आहे. दमट हवेत तासाभरात लिटरभरही पाणी जमू शकते. नळीचे तोंड गाडीखाली, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीपाशी असते. मऊ प्लॅस्टिकची तार खालून हळूच घालून चिखल मोकळा करावा, टोकदार सळई घालू नये, कॉइलला छिद्र पडेल. मात्र ओल चिकट, रंगीत किंवा गोडसर वासाची असेल, आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट धुके धरत असेल, तर ते हीटरमधले कूलंट आहे. ती दुरुस्ती वेगळी आहे आणि ती लांबवू नये.

प्रश्न: गॅस वजनाने भरला, दोन्ही दाब योग्य, बॉनेटखालची जाड नळी हाताला बर्फासारखी लागते आणि तिच्यावर घामही सुटतो. तरीही आत येणारी हवा जेमतेम गार. दोन केंद्रांत 'एसी उत्तम आहे' असे सांगून परत पाठवले.

उत्तर: दोन्ही केंद्रांनी सांगितले ते खरे आहे. गारवा तयार होतो आहे, पण आपल्यापर्यंत पोहोचण्याआधी कुणीतरी त्यात ऊन मिसळते आहे. डॅशबोर्डमागे कूलिंग कॉइलच्या पुढे हीटरचा छोटा रेडिएटर असतो. कोणती हवा त्यातून जाईल हे एक झडप ठरवते. जुन्या गाडीत तिची केबल सैल होते, प्लॅस्टिकचा दांडा तुटतो, कडांवरचा स्पंज झडतो किंवा ती हलवणाऱ्या छोट्या मोटारीचे दात झिजतात. मग नियंत्रण पूर्ण 'थंड'वर असूनही झडप अर्धवट उघडी राहते. काही जुन्या गाड्यांत हीटरकडे जाणाऱ्या गरम पाण्यावर व्हॉल्व्ह असतो, आणि तो पूर्ण बंद होत नसला तरी परिणाम तोच.

परीक्षा अशी करावी. इंजिन थंड असताना हीटरकडे जाणाऱ्या दोन रबरी होजपैकी एक, कापड गुंडाळून, गुळगुळीत जबड्याच्या क्लॅम्पने अलगद दाबून बंद करावी. होज कडक होऊन तडे गेलेली असेल तर हा प्रयोग करू नये. मग गाडी नेहमीसारखी चालवून मधल्या जाळीचे तापमान घ्यावे. ते पूर्वीपेक्षा पाच-सात अंशांनी उतरले तर गुन्हेगार सापडला. यानंतर नियंत्रण थंडाकडून गरमाकडे फिरवताना डॅशबोर्डमागे झडप आपटल्याचा हलका आवाज येतो का ते ऐकावे, आणि केबल किंवा मोटार तपासावी. त्याच वेळी आतलीच हवा फिरवणारे बटण खरोखर काम करते का तेही बघावे. बाहेरची झडप उघडी राहिली तर एसीला सतत रस्त्यावरची गरम, दमट हवा गार करत बसावे लागते.

प्रश्न: माझ्याकडे 1990 सालची, हौसेने जपलेली गाडी आहे. तिचा एसी आर-12 गॅसवर चालत असे. एका परिचितांनी त्यात स्वयंपाकाच्या गॅससारखे मिश्रण भरून देतो असे सांगितले, दुसऱ्यांनी थेट आर-134ए भरा म्हटले. काय करावे?

उत्तर: पहिला पर्याय विसरून जा. प्रोपेन-ब्युटेनचे मिश्रण गारवा उत्तम देते, त्यात शंका नाही. पण आपल्या गाडीची कूलिंग कॉइल बसलेल्या माणसांच्या पायांपुढे आहे आणि जुन्या जोडांना गळायची सवय असते. बंद केबिनमध्ये साठलेल्या ज्वलनशील वायूला एक ठिणगी पुरते. घरचा फ्रिज अशाच गॅसवर चालतो हे खरे असले तरी त्यात तो थोड्याच ग्रॅममध्ये, पक्क्या सांधलेल्या नळ्यांत असतो.

आर-12 ओझोनच्या थराला अपायकारक ठरल्यामुळे 1987च्या मॉन्ट्रियल करारानुसार त्याचे उत्पादन विकसित देशांत 1995च्या अखेरीस आणि विकसनशील देशांत 2010पर्यंत थांबले. त्यामुळे 'जुना साठा' म्हणून विकल्या जाणाऱ्या सिलिंडरकडे संशयाने पाहावे. बनावट गॅसमध्ये मिथाइल क्लोराइड मिसळलेले आढळले आहे. ते ॲल्युमिनियमशी संयोग पावून हवेत आपोआप पेटणारे संयुग तयार करते, आणि 2011मध्ये जहाजवाहतुकीच्या शीतकंटेनरांच्या स्फोटांत कामगार मृत्युमुखी पडले ते याच कारणाने.

दुसरा पर्याय योग्य आहे, पण 'थेट' नव्हे. आर-12बरोबर खनिज तेल वापरत असत आणि ते आर-134एमध्ये मिसळत नाही. ते कुठेतरी साचून राहते आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. म्हणून जुने तेल शक्य तितके काढून एस्टर प्रकारचे तेल भरावे, ड्रायर नवा बसवावा, उघडलेल्या प्रत्येक जोडाला हिरव्या एचएनबीआर रबराच्या ओ-रिंगा घालाव्यात आणि पोर्टवर नव्या गॅसचे अडॅप्टर लावून गॅसचे व तेलाचे नाव लिहिलेली पट्टी बॉनेटखाली चिकटवावी. नवा गॅस मूळ वजनाच्या सुमारे 80 ते 90 टक्केच भरायचा असतो. पूर्ण वजन भरले की हाय साइडचा दाब धोक्याकडे जातो. गर्दीत थांबलेल्या गाडीत गारवा पूर्वीपेक्षा किंचित कमी वाटेल. कंडेन्सरसमोर एक जादा पंखा लावला तर ती तूट बरीचशी भरून निघते, आणि तो दिसू नये असे बसवता आले तर गाडीचे मूळ रूपही शाबूत राहते.

प्रश्न: कॉम्प्रेसर जाम होऊन बेल्ट जळला. नवा बसवला, तर तोही सहा आठवड्यांत गेला. विक्रेता बसवणाऱ्याला दोष देतो आणि बसवणारा विक्रेत्याला.

उत्तर: काढलेला दुसरा कॉम्प्रेसर जपून ठेवला असेल तर त्याच्या नळीच्या तोंडातून पांढऱ्या कापडावर थोडे तेल ओता. ते स्वच्छ, फिकट असेल तर विक्रेत्याशी वाद घालायला जागा आहे. ते काळे असून उन्हात त्यात चंदेरी कण चमकत असतील, तर पहिल्या कॉम्प्रेसरचा चुरा यंत्रणेतच राहिला होता आणि त्यानेच दुसऱ्याचा बळी घेतला. कॉम्प्रेसर आतून फुटतो तेव्हा धातूची कीस गॅसबरोबर पुढे कंडेन्सरमध्ये जाते. अलीकडच्या कंडेन्सरच्या नळ्या चपट्या असून त्यांतल्या वाटा केसासारख्या बारीक असतात, धुण्याचा द्रव मोकळ्या वाटांनी निघून जातो आणि तुंबलेल्या तशाच राहतात. म्हणून अशा वेळी कंडेन्सर, ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह नवे घालावेत. नळ्या आणि कूलिंग कॉइल द्रवाने धुऊन नायट्रोजनने पूर्ण वाळवावीत, कारण आत राहिलेला द्रव तेलाला पातळ करतो.

तेलाचा हिशेबही विचारा. नवा कॉम्प्रेसर कधी पूर्ण यंत्रणेचे तेल घेऊन येतो, कधी फक्त वाहतुकीपुरते, तर कधी कोरडा. ते काढून मोजावे, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणाशी ताडून पाहावे, आणि बसवल्यावर सुरू करण्यापूर्वी मधली चकती हाताने आठ-दहा वेळा फिरवावी, म्हणजे सिलिंडरमध्ये साचलेले तेल पुढे सरकते. पहिला कॉम्प्रेसर मुळात का गेला हेही शोधले पाहिजे. गॅस कमी झाल्यावर कॉम्प्रेसर चालू होऊ न देणारा प्रेशर स्विच तारेने जोडून बायपास केलेला आहे का ते पाहा. 'एसी चालू करून दिला' म्हणून असे तुकडे जोडून दिलेल्या गाड्या कमी नाहीत, आणि तारेचा तो इंचभर तुकडा तसाच राहिला तर तिसरा कॉम्प्रेसरही वंगणाविनाच फिरेल.